पत्र्याच्या शेडातलं विम्बल्डन

बाकीच्या लेकी नागपंचमीला माहेरी जातात, मी विम्बल्डनला जाते. नांदेडच्या ज्या शाळेत मी शिकवते, तिथे हे शिपायापासून मुख्याध्यापिकेपर्यंत सगळ्यांना पाठ झालं आहे. शाळा उघडून जेमतेम पंधरवडा झालेला असतो, पोरांची पुस्तकं अजून वाटायची असतात, आणि मी रजेचा अर्ज घेऊन उभी. "यंदा उपांत्य फेरीपासून की फक्त अंतिम सामन्यापुरतं?" असं बाई चष्म्यावरून बघत विचारतात. त्यांना वाटतं मला टेनिसचं वेड आहे. टेनिसचं वेड आईला आहे, मला आईचं आहे.

आई हदगावकडच्या शेतकरी घरातली. सातवीपर्यंत शिकली, लग्न होऊन लातूरला आली, आणि तिने आयुष्यात रॅकेट हातात धरलेली नाही. लातुरात टेनिस कुठे खेळतात हे तिला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायची इच्छाही नाही. पण इंग्लंडमधल्या त्या हिरवळीवर गेल्या साली कोण कोणत्या फेरीत का हरला, कुणाची दुसरी सर्व्हिस कच्ची, कोण हरायला लागला की चिडतो, हे तिला विचारावं. बाकीच्या स्पर्धा ती बघत नाही. मातीवरच्या स्पर्धेला 'धुळवड' म्हणते आणि विषय संपवते.

हे कसं झालं ते सांगायचं तर भूकंपापासून सुरुवात करावी लागते.

त्र्याण्णव साली मी सातवीत होते. गणपती बुडवून लोक दमून झोपले होते आणि पहाटे जमीन हलली. लातूर शहरात फार पडझड झाली नाही. गावंच्या गावं भुईसपाट झाली ती किल्लारीच्या बाजूला. आमचं घर नवं होतं. बाबा भूगोलाचे शिक्षक, पै-पै जमवून त्यांनी स्लॅबचं घर बांधलं होतं आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. घर उभंच राहिलं, पण हॉलमध्ये, आई झोपायची बरोबर तिथे वर, छताला एक तडा गेला. पुढच्या आठवड्यात बाबा त्यांच्या शाळेतल्या लोकांबरोबर पडलेल्या गावांत भाकरी वाटायला गेले, तेव्हा आई पण गेली. तिथे तिने काय पाहिलं ते तिने आम्हाला कधीच सांगितलं नाही. परत आल्यावर तिने स्टोव्ह, डबे आणि परात अंगणात आणून ठेवली आणि बाबांना म्हणाली, "मी आता या छताखाली बसणार न्हाई. तुम्ही लेकराला घेऊन काय करायचं ते करा."

तेव्हा यात कुणालाच काही विशेष वाटलं नाही, कारण सगळं लातूरच बाहेर झोपत होतं. मैदानात, रस्त्याकडेला, शाळांच्या आवारात. रोज कुठून तरी बातमी यायची की आज रात्री पुन्हा येणार आहे. उशाला लोक ग्लासावर ग्लास रचून ठेवायचे. एकावर एक उलटे तीन स्टीलचे ग्लास, खाली ताट. जमीन जरा हलली की ग्लास पडणार, आवाज होणार आणि आपण उठून पळणार. तो सगळ्या जिल्ह्याचा गजर होता. मांजर गेलं तरी वाजायचा, आणि अर्धी आळी चादरी सावरत रस्त्यावर यायची.

मग थंडी पडली आणि एकेक घर आत गेलं. शेजारचे गेले, समोरचे गेले. आई गेली नाही. बाबांनी तडा सिमेंटने भरून घेतला. ओळखीचे इंजिनिअर आणले. त्यांनी छत ठोकून, वाजवून दाखवलं आणि घर पक्कं असल्याचं सांगितलं. आईने त्यांना चहा दिला, तोही अंगणात. बाबांनी फळ्यावर काढायचे तसे भूपृष्ठाचे थर कागदावर काढून समजावलं. पिढ्यान्‌पिढ्या पोरांना भूकंप शिकवलेल्या माणसाला स्वतःच्या बायकोला काही तो समजावता आला नाही. शेवटी त्यांनी अंगणात बल्ल्या रोवून पत्र्याचं शेड ठोकलं. आई दिवसा घरात जायची, पण पाण्यात बुडी मारावी तशी, दम धरून. आंघोळ, झाडलोट, देवापुढे दिवा, सगळं दारं सताड उघडी ठेवून, आणि परत बाहेर. बसणं नाही, जेवणं नाही, झोपणं तर नाहीच. तिचा पलंग शेडात, उशाला तिचे तीन ग्लास.

बाबांना एकच गोष्ट हवी होती. आईने आत यावं आणि निवांत बसावं. ते फार बोलणारे नव्हते, पण संध्याकाळी ते ओट्यावर आणि आई शेडात, मध्ये अंगण, असे दोघे बसलेले दिसले की मला रडू यायचं आणि रागही यायचा. कुणाचा राग ते कळत नव्हतं, म्हणून मी दोघांवरही काढायचे.

बाबांचा एक डाव होता टीव्ही. तो त्यांनी मुद्दाम आत हॉलमध्ये ठेवला होता. मालिकांच्या मोहाने तरी येईल, असा हिशेब. आई अंगणातून आवाज ऐकायची आणि स्वयंपाक करायची. चित्राविना तिला गोष्ट कळायची, काही अडत नव्हतं. पुढच्या जूनपर्यंत बाबा थकले आणि टीव्हीच उचलून शेडात नेला. "तू येत नाहीस, मग आम्हीच येतो," म्हणाले. बाबांना स्वतःला विम्बल्डन फार आवडायचं. कॉलेजात असताना पेपरातले निकाल वाचून त्यांनी ते आवडून घेतलं होतं, चेंडू न बघता. त्यामुळे शेडात नीट बसून सगळ्यांनी मिळून पाहिलेली पहिली गोष्ट म्हणजे विम्बल्डन.

आई भाकरी थापत होती. तिला त्या पांढऱ्या कपड्यांचं आणि इकडून तिकडे जाणाऱ्या चेंडूचं काही घेणं नव्हतं. तेवढ्यात तिकडे पाऊस आला, आणि कुठून कुठून पोरं पळत आली आणि भलीमोठी ताडपत्री ओढत मैदानावर अंथरायला लागली. आईचा हात थांबला. खळ्यावर रास पडलेली असताना आभाळ आलं की हदगावला तिच्या घरची सगळी माणसं अशीच पळायची.

"त्याच्या वर छत न्हाई?" तिने विचारलं.

"बघणाऱ्यांच्या डोक्यावर थोडंसं आहे," बाबा म्हणाले. "खेळणारे उघड्यावर. पाऊस आला की थांबायचं, गेला की खेळायचं. शंभर वर्षांच्या वर झाली, असंच चालू आहे."

"एवढे पैसेवाले असून?"

"एवढे पैसेवाले असून."

"मंग शहाणी मानसं हायत," आई म्हणाली आणि परात बाजूला सरकवून टीव्हीसमोर बसली.

तिथून सुरुवात. पाऊस थांबेपर्यंत टीव्हीवाल्यांनी मागच्या कुठल्या तरी वर्षाचा सामना लावला. आईला वाटलं मैदान वाळलं. तिने त्यातल्या एकाची बाजू घेतली, त्याच्यासाठी जीव काढला, आणि तो जिंकल्यावर शेजारणीला हाक मारून सांगितलं. बाबांनी हळूच सांगितलं की हा जिंकून काही वर्षं झाली. "मग आधी सांगायचं न्हाई का? मी इथं उपाशी बसून राहिले," म्हणून ती दोन दिवस त्यांच्याशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मात्र तिनेच टीव्ही लावला.

मग बाबांनी तिला त्या स्पर्धेचा सगळा इतिहास सांगितला, रोज थोडा थोडा, जेवणं झाल्यावर. त्यांच्यातला मास्तर बऱ्याच दिवसांनी खूश होता. हे काम आधी टेनिसचं नव्हतंच. लाकडी चेंडू हातोड्याने टोलवायचा एक संथ खेळ खेळणाऱ्यांचा तो क्लब. त्यांचा मैदानावर फिरवायचा रोलर बिघडला, दुरुस्तीला पैसे हवे होते, म्हणून त्यांनी टेनिसची स्पर्धा भरवली. आईला हे फार पटलं. रोलरसाठी जत्रा भरवली म्हणायची. पुढे कितीतरी वर्षं खेळावर पोट भरणाऱ्याला तिथे येऊ देत नव्हते, शौकिनांनीच खेळायचं. हे तिला अजिबात आवडलं नाही. "ज्याला येतं त्यालाच भाईर ठेवून राहिले होते की," म्हणाली. तो नियम गेला आणि जगातले सगळे पट्टीचे खेळाडू यायला लागले हे ऐकल्यावर तिचं समाधान झालं.

पण तिच्या मनात घर केलं ते लढाईच्या काळाने. महायुद्धात तिथे बॉम्ब पडला आणि मुख्य मैदानाच्या छपराचा आणि बैठकांचा एक कोपराच उडाला, असं बाबा एका संध्याकाळी सांगत होते.

"मानसं बसली होती?" आईने विचारलं.

"नाही. स्पर्धा बंद होती. तेव्हा त्या आवारात त्यांनी डुकरं, कोंबड्या पाळल्या होत्या."

"मग?"

"मग काय. लढाई संपली आणि पुन्हा खेळायला लागले. पडलेला कोपरा तसाच होता, तिथे कुणाला बसवलं नाही. बाकीचे बसले."

बाबांनी आशेने तिच्याकडे पाहिलं. "तेच म्हनते मी," ती म्हणाली. "पडलेल्या जागी कुणी बसू न्हाई." बाबांनी कपाळाला हात लावला. त्यांनी धडा वेगळा शिकवला होता, विद्यार्थिनीने घेतला वेगळा.

स्ट्रॉबेरी आणि साय खायची तिथली रीतही आईने उचलली. स्ट्रॉबेरी लातुरात कोण आणणार, म्हणून अंतिम सामन्याच्या दिवशी आमच्याकडे जांभळं आणि साखर घातलेली साय. खाऊन बघा म्हणणार नाही. सायीला जांभळाचा तुरटपणा मुळीच सोसत नाही. पण रीत म्हणजे रीत. सामना संपेपर्यंत घरातल्या सगळ्यांच्या जिभा जांभळ्या व्हायच्या.

मी बारावी होईपर्यंत लातूर बदलून गेलं. ज्या शहराचं नाव काढलं की लोक "अरेरे" म्हणायचे, त्याचं नाव काढलं की "पोराला कुठल्या क्लासला घातलं?" विचारायला लागले. आमची आळी तर पुरती क्लासची झाली. किनवट, हदगाव, उदगीर, देगलूर, कुठून कुठून पोरं-पोरी पत्र्याच्या पेट्या घेऊन उतरायच्या. चौकात गुणवंतांचे फोटो, भिंतीवर सूत्रं, पहाटेपासून सायकलींच्या घंट्या. भूकंपाने अंगणात काढलेल्या गावाला कुणी तरी पुन्हा खांद्यावर घेऊन नाचवत होतं, असं मला वाटायचं. आजही त्या चौकातून जाताना माझी मान जरा ताठ होते.

माझं लग्न होऊन मी नांदेडला गेले. बाबा निवृत्त झाले आणि आमचं घर मुलींचं वसतिगृह झालं. तीन खोल्या आणि हॉल मुलींना, ओट्याशेजारची एक खोली बाबांना. आई शेडात, तिथेच तिची चूल आणि मेस. लातुरात बारावीचं लेकरू असलेल्या घरात केबल तोडायची पद्धत आहे. टीव्हीवर कापड टाकतात, वर्षभर त्याला कुणी हात लावत नाही, पाहुणे आले तरी. आमच्या घरात तर दर वर्षी डझनभर बारावीच्या मुली. मुलींच्या वडिलांना बाबांनी शब्दच दिला होता की घरात टीव्ही चालणार नाही. "घरात न्हाई," आई म्हणाली. "शेड घरात येत न्हाई." वर्षभर तिच्याही टीव्हीवर कापड असायचं. फक्त विम्बल्डनचे दोन आठवडे ते निघायचं, तेही मुली जेवायला यायच्या तेवढ्यापुरतं. जेवणाला मग फार वेळ लागायचा.

एका वर्षी अंतिम सामन्यात असा खेळाडू आला की ज्याला कुणी हिशेबातच धरलं नव्हतं. आई पहिल्या फेरीपासून त्याच्या मागे होती. शेड भरलेलं, मुली ताटं घेऊन दाटीवाटीने बसलेल्या, मीही होते. तो जिंकला. मुलींनी अशी उडी मारली की पलंग हलला आणि उशाचे तीन ग्लास खणखणत ताटावर पडले.

तो आवाज कशाचा हे लातुरात कुणाला सांगावं लागत नाही. आई दुसऱ्या क्षणाला अंगणाबाहेर होती, दोन्ही हातांत दोन मुलींची मनगटं. "भाईर व्हा, भाईर व्हा," म्हणत ती रस्त्यावर आली. समोरच्या क्लासमधून सर खडू घेऊन धावले, मागे सगळा वर्ग. पलीकडच्या वसतिगृहातली मुलं टॉवेलवर. पाच मिनिटांत सगळी आळी रस्त्यावर उभी राहून घरांकडे बघत होती. केंद्र कुठे, धक्का केवढा, याची चर्चा सुरू झाली. एक-दोघांना तर दुसरा धक्काही जाणवला. हे सगळं इंग्लंडमधल्या एका माणसाने शेवटचा गुण घेतल्यामुळे झालं, हे तिथे सांगायची हिंमत माझ्यात नव्हती. बाबांनी सांगितलं. समोरचे सर आधी रागावले, मग म्हणाले, "पण जिंकलं कोण?"

त्या दिवसापासून आमच्या शेडात विम्बल्डनचा आवाज बंद झाला. टीव्ही मुका आणि मुलींनी उड्या मारायच्या नाहीत, हे दोन कायदे. आनंद झाला तर मांडी थोपटायची. बाबा म्हणायचे, ग्लास काढ, म्हणजे पोरींना उड्या मारता येतील. आई म्हणायची, उड्यांवाचून कुणी मरत न्हाई. त्या एका वाक्यापुढे आमचं काही चालायचं नाही, कारण ती काय पाहून आली होती ते आम्हाला माहीत नव्हतं.

आणि मग तिकडे छत आलं.

विम्बल्डनच्या मुख्य मैदानावर सरकतं छत बसवणार, अशी बातमी बरीच वर्षं येत होती. आईने तिच्याकडे दुर्लक्ष केलं. पण ज्या वर्षी ते खरंच बसलं, त्या वर्षी ती जी रुसली ती एखाद्या माणसावर रुसावी तशी. "एवढी वर्षं उघड्यावर खेळले. आता काय झालं त्यांना? त्ये बी छत टाकून राहिले." मी रजा घेऊन पोचले तेव्हा पहिला आठवडा झाला होता आणि आई फक्त बाहेरच्या, बिनछताच्या मैदानांवरचे सामने बघत होती. मुख्य मैदान दाखवलं की कापसाच्या वाती वळायला बसायची. वरून त्या वर्षी इंग्लंडात पहिल्या आठवड्यात पाऊसच झाला नाही. छत तयार, सगळे आभाळाकडे डोळे लावून बसलेले, आणि थेंब नाही. आई इतकी खूश होती की मुलींना तिने शिरा केला.

त्या वर्षी आमच्याकडे किनवटकडच्या, इस्लापूरजवळच्या एका खेड्यातली मुलगी होती. भूकंपाच्या सालातला जन्म. तिला डॉक्टर व्हायचं होतं, बोलायची कमी, जेवायची भरपूर. बाकीच्या मुली टेनिस बघायच्या ते पुस्तक टाळायला. ही एकटी आईला खरे प्रश्न विचारायची. पंधरावरून तीस आणि तीसवरून एकदम चाळीसच का, हे तिने विचारलं तेव्हा आई म्हणाली, "ते इंग्रजालाच ठाव न्हाई, तू पाठ कर."

दुसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला तिकडे ढग आले. आमच्याकडेही त्या संध्याकाळी वारा सुटला. रात्रीच्या जेवणाची वेळ, पत्र्यावर पाऊस असा वाजायला लागला की मुली ताटं घेऊन हॉलमध्ये पळाल्या. शेडात आई, मी आणि किनवटची मुलगी. टीव्हीत त्या मैदानावर ताडपत्री अंथरली गेली होती आणि वर ते पांढरं छत दोन्ही बाजूंनी हळूहळू सरकत एकमेकांकडे निघालं होतं. आई कापूस विसरून बघत होती. पहिल्यांदाच बंद होत होतं ते, सामना चालू असताना. प्रेक्षक माना वर करून बघत होते. छत मिटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मग माना खाली केल्या, आणि थोड्या वेळाने दोघी खेळाडू येऊन खेळायला लागल्या.

"आता कुणी वर बघून न्हाई राहिलं," आई म्हणाली. तेवढंच.

तेवढ्यात वाऱ्याने शेडाचा एक पत्रा उचकटला. पाण्याची धार सरळ टीव्हीच्या बोर्डावर. बाबांनी ओट्यावरून धावत येऊन शेडाची लाइट बंद केली. चित्र गेलं. मधला सेट चालू होता.

काय करायचं हे किनवटच्या मुलीनेच ठरवलं. तिने टीव्हीवर आपली ओढणी टाकली आणि उचलायला घेतला. मी दुसऱ्या बाजूने धरला. आम्ही भिजत हॉलमध्ये नेला, मुलींनी पुस्तकं सरकवून जागा केली, बाबांनी जुनी केबल शोधून जोडली. ज्या हॉलमध्ये शब्द दिलेला होता त्या हॉलमध्ये, उद्या सकाळी चाचणी असलेल्या मुलींच्या मधोमध टीव्ही लागला, आणि गडबडीत त्याचा आवाजही चालू झाला. चेंडू रॅकेटवर लागल्याचा तो टपोरा आवाज मी त्या घरात कितीतरी वर्षांनी ऐकला.

आई दारात उभी होती. डोक्यावर पोतं घेतलेलं, पाय पायरीवर, पाठीवर पागोळ्या गळताहेत. मी तिला हाक मारायला तोंड उघडलं तर बाबांनी माझा दंड धरला. इतका घट्ट की मी गप्प झाले. सोळा वर्षं ते तिला बोलावत होते. त्या दिवशी त्यांनी कुणालाच बोलावू दिलं नाही.

मुली टीव्हीभोवती गर्दी करून बसल्या होत्या. दारातून फक्त वेण्या दिसत असणार. "कोण पुढं हाय?" आईने विचारलं. कुणाला धड सांगता येईना. वर्षानुवर्षं खुणा करून गुण सांगायचं काम आईचं होतं. एक म्हणाली ही, दुसरी म्हणाली ती. किनवटची मुलगी मागे वळली नाही. टीव्हीकडेच बघत ती म्हणाली, "काकू, चाळीस-चाळीस झालं, आता काय असतंय? इथं या की, दिसून नाही राहिलं तिथून." आणि तिने शेजारची उशी बाजूला सारली.

आईने पोतं दाराशी ठेवलं. पाय पुसले. मुलींच्या गुडघ्यांमधून वाट काढत ती त्या उशीच्या जागी जाऊन बसली आणि म्हणाली, "आता दोन मारावे लागतात, लागोपाठ. एकाने होत न्हाई. गप बसा आता."

मी बाबांकडे पाहिलं नाही. मला पाहवलं नसतं. छताच्या त्याच तड्याखाली, सिमेंटची जुनी रेघ अजून दिसत होती, आई मांडी घालून बसली होती आणि मुलींना दोन गुण म्हणजे काय ते समजावत होती. एकदा, खेळाडूंनी बाजू बदलली तेव्हा, तिने मान वर करून त्या रेघेकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पुन्हा टीव्हीकडे. बायकांचा सामना संपला, पुरुषांचा सुरू झाला, तो लांबत गेला, मी तिथेच भिंतीला टेकून झोपी गेले.

सकाळी जाग आली तेव्हा पाऊस गेला होता. हॉलमध्ये मुली वेड्यावाकड्या झोपलेल्या, आणि त्यांच्या मधोमध, कुणाच्या तरी पांघरुणात, आई. तोंड उघडं टाकून, गाढ. बाबा ओट्यावर बसून तिच्याकडे बघत होते. त्यांचे डोळे सुजले होते आणि ते लपवतही नव्हते. आयुष्यात मला इतकं जिंकल्यासारखं कधी वाटलं नव्हतं, आणि मी खेळले तर काहीच नव्हते.

मी शेडात गेले. पत्रा लोंबत होता, पलंग भिजून गेला होता, आणि उशाचे तीन ग्लास वाऱ्याने खाली पडून तीन दिशांना गडगडले होते. रात्री कधी तरी पडले असणार, चांगले वाजले असणार. घरात कुणालाच ऐकू आलं नव्हतं.

मागून आई आली. तिने ग्लासांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता पुन्हा रचणार. तिने ते एकेक करून उचलले, चिखल लागला होता तो नळाखाली धुतला, आणि स्टोव्ह पेटवला. "चाचणी हाय पोरींची, उठव त्यांना," म्हणाली. "अन् तुझ्या बाबाला सांग, आत येऊन बसा म्हनावं." मग एक ग्लास बाबांना, एक मला आणि एक स्वतःला, असा तिने त्यांत चहा ओतला, आणि आम्ही तिघांनी तो आत बसून प्यायला.